सांडलेला गूळ

शाहूपुरी ही पेठच मुळी गुळासाठी वसली. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनाच्या अंगाला ही व्यापारपेठ उभी केली, म्हणजे गुऱ्हाळावरून निघालेला रवा (गुळाची ढेप) बैलगाडीतून अडत्याच्या दारात आणि तिथून वाघिणीत. आमच्या घराचं पोट या रव्यांवर चाललं, पण गादीवर बसणाऱ्यांच्या बाजूनं नव्हे, पाठीवर घेणाऱ्यांच्या बाजूनं. माझा आजा शाहूपुरीत हमाल होता.

थप्पी लावताना एखादा रवा निसटायचा आणि फरशीवर फुटायचा. मोठे तुकडे दुकानात परत जायचे. बारीक चुरा मात्र हमालानं मुंडाशाच्या टोकाला बांधून घरी न्यायचा, असा रिवाज. कुणी विचारत नसे, कुणी अडवत नसे. धुळीत पडलेला तो चुरा आज्जी पाण्यात विरघळवून फडक्यानं गाळायची आणि त्याचा चहा व्हायचा. १९५७ सालच्या हंगामात एके दिवशी आजा रिकाम्या मुंडाशानं घरी आला.

"गूळ?"

"न्हाई आणला."

"आज फुटला न्हाई व्हय?"

"फुटला की. पर मला कुणी दिला न्हाई."

"मग आजवर कोण देत हुतं? सांडलेला कुणी उचलायचा? मुंग्यांनी?"

ही गोष्ट सांगताना आज्जीचा आवाज अजून चढतो. आता तिची नव्वदी जवळ आली आहे. त्या वेळी घरात दोन दिवस बिनगुळाचा चहा झाला. तिसऱ्या दिवशी आजानं दुकानाच्या दिवाणजीसमोर उभं राहून विचारलं, "खालचा चुरा नेऊ का?" दिवाणजीला वाटलं, हमाल चेष्टा करतोय. "इतकी वर्षं नेतोयस, तवा इचारलंस व्हय? ने की!" आजानं नेला. पुढं हमाली करेपर्यंत दर हंगामाच्या पहिल्या दिवशी तो हे विचारत राहिला. दिवाणजी बदलले, दुकानं बदलली, प्रश्न तोच.

झालं होतं एवढंच, की त्या वर्षाच्या सुरुवातीला आजानं बौद्ध होताना पंचशील घेतलं होतं. न दिलेली वस्तू घेणार नाही, हे त्यातलं दुसरं शील. सभेत हजार माणसांबरोबर ते मोठ्यानं म्हणणं सोपं होतं. शाहूपुरीच्या फरशीवर, धुळीतल्या चुऱ्यापुढं ते पहिल्यांदा त्याच्या अंगावर आलं. आचरण करणारा बौद्ध म्हणजे कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी याच प्रसंगापासून सुरुवात करते. मला ग्रंथ त्यानंतर भेटले.

आजाच्या आधीची गोष्ट पणजाची. पणजा माणगावजवळच्या एका खेड्यातला, महारकी करणाऱ्या घरातला. गावची वर्दी द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातली महार वतनं रद्द केली आणि जमिनी त्या त्या माणसांच्या नावावर केल्या, तेव्हा पणजा पोरगेला होता. गावात काहींना ते पटलं नाही, आणि खुद्द आमच्यातल्या जुन्या माणसांनाही हक्काची भाकरी गेल्याचं दुःख झालं, असं तो सांगायचा. गुलामीच्या भाकरीचीही सवय लागते, आणि ती सुटताना माणूस रडतो, हे मला त्याच्या गोष्टीतून कळलं. इतिहासाच्या पुस्तकात हे रडणं सापडत नाही.

गंगाराम कांबळ्यांची कथा पणजा दर वेळी नव्यानं रंगवायचा. महाराजांच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगारामांनी पाण्याला हात लावला म्हणून त्यांना इतर नोकरांनी मारलं. महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगितलं, आणि गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. तिथं कोण जाणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. पणजा म्हणायचा, "राजा प्यायला, मग परधान काय करतील? प्याले गुमान!"

आणि मग माणगाव. २१ आणि २२ मार्च १९२०. अप्पासाहेब पाटलांनी पुढाकार घेतलेली ती परिषद, अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर, आणि शाहू महाराज हजर. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. पणजा त्या गर्दीत होता. त्याला भाषणातलं फारसं काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की मांडवात आपली माणसं खाली मान न घालता बसली होती. जमीन भावाभावांत वाटली गेली, वाट्याला आली तेवढ्यात भागेना, म्हणून पुढं तो बायकापोरांसह कोल्हापुरात आला आणि शाहूपुरीत ओझी उचलू लागला.

बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागलांनी महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे केले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. माझा आजा त्या वेळी नुकता मिसरूड फुटलेला. कामावरून सुटल्यावर चौकात जाऊन पुतळ्याकडं बघत बसायचं, ही त्याची करमणूक. जिवंत माणसाचा पुतळा बघून पणजी मात्र घाबरली होती. असं करू नये, आयुष्य कमी होतं, असं तिचं म्हणणं. पुढं सहा वर्षांनी बाबासाहेब गेले, तेव्हा तिनं ते बोलून दाखवलं, आणि आजा तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना स्वतः दिली, बावीस प्रतिज्ञांसह. आमच्या घरातलं कुणी नागपूरला गेलं नव्हतं. तिकिटाचे पैसे नव्हते. आजाचा चुलतभाऊ मुंबईत गिरणीत होता. तो ७ डिसेंबरला दादरच्या अंत्ययात्रेत होता, आणि तिथं चितेपुढं भदंत आनंद कौसल्यायनांनी दिलेली दीक्षा घेऊन तो कोल्हापूरला आला. डोळे सुजलेले, अंगात पांढरा सदरा. त्यानं घरात पाऊल टाकलं आणि देव्हाऱ्याकडं बोट दाखवलं.

त्यानंतर काही आठवड्यांत कोल्हापुरातच दीक्षेचा कार्यक्रम ठरला. पांढरी वस्त्रं नेसून यायचं होतं. आज्जी अडून बसली. सवाष्ण बाईनं पांढरं लुगडं नेसायचं?

"मी काय रांडाव हाय व्हय पांढरं नेसायला? तुमी जिवंत हाय न्हवं?"

आजाकडं उत्तर नव्हतं. शेवटी तोडगा काढला तो गल्लीतल्याच एका म्हाताऱ्या विधवेनं. ती म्हणाली, आजवर मी एकटी पांढरं नेसत होते, उद्या समद्या नेसतील, मग मला कोण ओळखणार! आज्जीनं तिचंच एक लुगडं मागून घेतलं आणि नेसली. धर्मांतरावर खूप लिहिलं गेलं आहे, सभांवर, आकड्यांवर, राजकारणावर. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते २,४८७, आणि १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजार. एवढी माणसं दहा वर्षांत. त्यातल्या निम्म्या बाया असतील, आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी पांढऱ्या लुगड्याची ही पायरी ओलांडली असेल. त्यांच्याविषयी मला फार माया वाटते.

देव पंचगंगेत सोडले गेले. टाक, घोंगडीत गुंडाळलेली यल्लमाची पाटी, जोतिबाची तसबीर, सगळं. परत येताना आज्जीनं एकच विचारलं, "पोराला ताप आला तर आता हाक कुणाला मारायची?" आणि वर्षभरात ती वेळ आलीच. पोर म्हणजे माझे वडील, अंगावर पिणारं लेकरू, ताप उतरेना. पणजीनं यल्लमाचा अंगारा कुठून तरी मिळवला होता. आज्जीनं तिच्या हातून पोर अक्षरशः ओढून घेतलं आणि उन्हातून थोरल्या दवाखान्याची वाट धरली. कोल्हापुरात सीपीआरला अजून थोरला दवाखानाच म्हणतात. ताप उतरला. "बुद्धानं वाचवलं," असं पणजी नंतर म्हणू लागली, तर आज्जीनं तिला सुनावलं, "बुद्धानं न्हाई, डागदरानं." मला ही आज्जीची खरी दीक्षा वाटते. लुगडं नेसली त्या दिवशी ती आजाबरोबर गेली होती. त्या उन्हात ती एकटी चालली.

घर बौद्ध झालं, पण पेठ तीच राहिली. शाहूपुरीत कुंभार गल्ली आहे. श्रावण लागला की तिथं दारोदार गणपती उभे राहू लागतात. आधी मातकट, मग पांढरे, मग रंगात न्हालेले, आणि शेवटी डोळे. वडील लहानपणी शाळा सुटली की तिथंच पडलेले असायचे. गौरी-गणपतीची पूजा करणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतली एक. आजापुढं प्रश्न होता, की पोराला गल्लीत जाऊ द्यायचं की नाही. काही घरांनी बंदी घातली होती. आजानं घातली नाही. वडील शाडू मळायला बसायचे, उंदीर करायचे, कुंभारीण त्यांच्या हातावर पैसा ठेवायची. चतुर्थीला मात्र आमच्या दारात गणपती आला नाही. वडील रडले, रुसले. शेजारून मोदक आले ते घरात खाल्ले गेले. यावर आज्जीचा निवाडा ठरलेला: "खाण्याला धर्म न्हाई, हात जोडण्याला हाय." काही कडक मंडळींना हा निवाडा चालत नाही, मला ठाऊक आहे. मला चालतो. शेजाऱ्याच्या ताटाला नाही म्हणण्याची आपल्याला काय पडली आहे? ज्या समाजाच्या हातचं कुणी खात नव्हतं, त्यानं तरी असल्या नकाराचा खेळ खेळू नये.

याहून अवघड परीक्षा दुसरीच होती. आजाचा थप्पीवरचा जोडीदार मातंग समाजातला. एक रवा दोघांनी वर्षानुवर्षं उचललेला. पण त्या काळी महाराच्या घरात मातंगाला पाणी देत नसत, आणि या गोष्टीची लाज आमच्याकडं फारशी कुणी बाळगत नव्हतं. ब्राह्मण-मराठ्यांनी आम्हाला दूर ठेवलं हे आम्ही रोज सांगत होतो आणि आमच्या उंबऱ्यावर आणखी कुणाला तरी उभं करत होतो. एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर आजा जोडीदाराला जेवायला घेऊन आला. आज्जीनं वाढलं, पण ताट वेगळं काढून ठेवलं. पाहुणा गेल्यावर आजानं ते ताट उचललं, स्वतः घासलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातच जेवायला बसला. बोलला काहीच नाही. आज्जी म्हणते, "त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." पुढं ते ताट घरातल्या इतर ताटांत कधी मिसळलं, ते तिलाही आठवत नाही. भाऊबंदांत मात्र बोभाटा झाला आणि एका लग्नाचं बोलावणं आलं नाही.

आमच्यात आजही हा भाग पुरा झालेला नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढं पिऊन नाचणारी पोरं बघितली की मला वाईट वाटतंच, सुरामेरयाचं, म्हणजे नशा न करण्याचं शील त्यांनीही घेतलेलं असतं. पण पोरीनं मातंगाच्या पोराशी लग्न करायचं म्हटल्यावर पंचशील पाठ असलेले बाप जे बोलतात, त्यानं मला जास्त वाईट वाटतं.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास. पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहत, त्याची ही परंपरा. आमच्याकडं त्याचं रूप म्हणजे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं घरोघरी वाचन. बाबासाहेबांचा हा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मराठीत आल्यावर आमच्या खोलीत वाचायला बसायचे माझे वडील, कारण घरात वाचता येणारे तेच. आज्जीला अक्षर येत नाही, पण ग्रंथ तिला प्रसंगांनी ठाऊक आहे. उपाली न्हावी, सुनीत झाडूवाला, मेलेलं लेकरू घेऊन दारोदार फिरणारी किसा गोतमी. पण तिच्या मनात ठसली ती रोहिणी नदी. रूढ चरित्रात सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून घर सोडतो. बाबासाहेबांना हे पटलं नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाला मरण दिसलंच नसेल, हे कसं? त्यांनी सांगितलं ते असं, की शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा पेटला, शाक्य संघानं युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थानं विरोध केला आणि त्यापायी घर सोडलं. हे वाचून झाल्यावर आज्जी म्हणाली होती, "म्हंजी त्येबी पाण्यापायीच!" तिच्या डोळ्यांपुढं गंगाराम कांबळे होते, महाडच्या सत्याग्रहाचं तळं होतं.

वडिलांनी एकदा तिला टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात नेलं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत उत्खनन झालं, तिथं सातवाहन काळातलं गाव निघालं, रोमशी व्यापाराच्या खुणा निघाल्या. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, कोल्हापुरात एका स्तूपाच्या पायात ब्राह्मी अक्षरं कोरलेली पेटीही सापडली होती. जोतिबाच्या वाटेवर पोहाळ्याची लेणी तर उघड्यावरच आहेत. वडिलांना हे सगळं फार मोलाचं वाटायचं. आपण नवे नाही, इथलेच जुने आहोत, असं. आज्जीनं शांतपणे ऐकून घेतलं. तिला जुनं असण्याची ओढ नव्हती. तिच्या दृष्टीनं जुनं म्हणजे भाकरी मागणं.

वडिलांची परीक्षा कागदावर झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीला ते केंद्र सरकारच्या एका नोकरीसाठी अर्ज भरत होते. धर्म बदलल्यामुळं केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या. महाराष्ट्र सरकारनं राज्यापुरत्या त्या दिल्या होत्या, पण केंद्राचा कायदा बदलला तो १९९० मध्ये, व्ही. पी. सिंग यांच्या काळात. तोवर हजारो घरांत भिंतीवर बुद्ध आणि अर्जावर 'हिंदू महार' असा संसार चालला. मी त्यांना दोष देणार नाही. पोटाचा प्रश्न होता, आणि माणसावर अशी वेळ आणणाऱ्या नियमाचा दोष मोठा. पण आजा म्हणाला, "खोटं बोलणार न्हाई म्हणून रोज म्हणतोस, आन् हितं सही करून खोटं लिवणार?" वडिलांनी 'बौद्ध' लिहिलं. नोकरी मिळाली नाही. ते शाहूपुरीतच एका अडत दुकानात वह्या लिहायला लागले. हमालाचा पोरगा दिवाणजी झाला, याचा आजाला केवढा अभिमान! वडिलांनी मात्र ती गोष्ट कधी अभिमानानं सांगितली नाही. त्यांना ती नोकरी हवी होती. शील पाळण्याची किंमत खरोखरच मोजावी लागते, आणि ती मोजलेल्या माणसाला आपण आनंदी असण्याची सक्ती करू नये.

जगभर 'बौद्ध आचरण' म्हटलं की डोळे मिटून बसलेला माणूस समोर येतो. आजा असा कधी बसला नाही. आता माझा भाचा बसतो. ब्रह्मदेशातून आलेल्या गोयंका गुरुजींनी १९७६ मध्ये इगतपुरीला विपश्यनेचं मोठं केंद्र उभं केलं. त्याच परंपरेचं धम्मालय आमच्याकडं हातकणंगले तालुक्यात, आळत्याला आहे. तिथलं दहा दिवसांचं मौन पाळून भाचा आला, आणि माझ्या चुलत्यांशी त्याचं वाजलं. चुलते चळवळीतले, मोर्च्यात हाडं मोडून घेतलेले.

"डोळं मिटून जात जाती व्हय रं?"

"जात न्हाई काका. राग जातो. तंबाखू सुटली माझी."

"माणगावबी हातकणंगल्यातच हाय. तितंबी जाऊन ये की एकदा."

मला दोघांचंही पटतं, आणि हे मी दोघांना खूश ठेवायला लिहीत नाही. जीवन शुद्ध राखणं म्हणजे धम्म, असं बाबासाहेबांच्याच ग्रंथात आहे, आणि माणसामाणसातल्या भिंती पाडणं हाही धम्म, असंही त्याच ग्रंथात आहे. चुलत्यांनी आयुष्यभर भिंती पाडल्या, पण घरात त्यांच्या रागाला सगळे भ्यायचे. भाचा शांत झाला आहे, पण शेजारच्या वस्तीत काय चाललंय याची त्याला खबर नसते. एकानं दुसऱ्याकडून अर्धं शिकायचं राहिलंय.

यंदाचा वर्षावास चुलत्यांच्या फ्लॅटमध्ये सुरू झाला. वाचनाआधी भाचा दहा मिनिटं सगळ्यांना शांत बसवतो. चुलते बसतात, डोळे उघडे ठेवून. मग वाचन. आज्जीचा आग्रह असा, की एक दिवस आजाच्या त्या जोडीदाराच्या घरी वाचन व्हायचं. त्याची नातवंडं आवडीनं बोलावतात, ऐकतात, चहा देतात. ते बौद्ध झालेले नाहीत आणि आम्हीही तसं काही म्हणत नाही. या वर्षी त्यांनी भाद्रपदातला दिवस सुचवला आहे, आणि त्या दिवशी त्यांच्या घरात गणपती असणार. चुलते म्हणतात, गणपतीपुढं बसून ग्रंथ वाचायचा नाही. भाचा म्हणतो, वाचायला काय हरकत आहे. आज्जी म्हणते, त्यांच्या सोप्यात बसू, मूर्ती आतल्या खोलीत असते. अजून ठरलेलं नाही. कुंभार गल्लीत मूर्तींना पांढरा हात लागलाय, म्हणजे तीन-चार आठवडे हातात आहेत.